लांबलेली स्वारी आणि तिचा शेवट

शेजारच्या राष्ट्रावर स्वारी करणें सोपें, पण ती संपविणें कठीण, हें तत्त्व इतिहासांत वारंवार प्रत्ययास येतें. स्वारीचा मुहूर्त आक्रमक ठरवितो. परंतु तिचा शेवट केव्हां व्हावा हें ठरविण्याचा अधिकार त्याच्या एकट्याच्या हातीं राहत नाहीं. ज्याच्यावर स्वारी झाली तो जोंवर हार मान्य करीत नाहीं, तोंवर युद्ध चालूच राहतें. प्रस्तुत लेखांत जपाननें चीनवर केलेल्या स्वारीचें (इ. स. १९३७ ते १९४५) उदाहरण घेऊन, लांबलेलें आक्रमक युद्ध आक्रमकास कोठवर नेतें याचा विचार आम्ही करणार आहों. हें उदाहरण निवडण्याचें कारण असें कीं, त्यांत विनाशाच्या सर्व पायऱ्या एकामागून एक स्पष्ट दिसतात. शिवाय आपल्या महाराष्ट्राचाहि त्या युद्धाशीं एक हृद्य संबंध आहे.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जपाननें पाश्चात्य शास्त्रें, यंत्रें व लष्करी शिक्षण मोठ्या झपाट्यानें आत्मसात केलें. इ. स. १८९५ मध्यें चीनचा पराभव करून त्यानें फॉर्मोसा (तैवान) बेट मिळविलें. १९०५ सालीं रशियासारख्या बलाढ्य साम्राज्यास नमविलें. १९१० सालीं कोरिया आपल्या राज्यास जोडला. रशियावरील विजयाचा तर परतंत्र आशियांतील अनेक देशभक्तांना हर्ष झाला. परंतु थोड्या अवधींत संपलेल्या या युद्धांनीं जपानी सेनाधिकाऱ्यांच्या मनांत एक घातक समजूत रुजविली. ती अशी कीं, एक जोराचा तडाखा दिला म्हणजे शत्रु तहास येतो. १९३१ च्या सप्टेंबरांत मांचुरियावर हात टाकला तेव्हांहि हाच अनुभव आला. पुढील वर्षीं तेथें पदच्युत चिनी सम्राट पु-यी याला नामधारी प्रमुख करून एक अंकित राज्य स्थापण्यांत आलें. राष्ट्रसंघानें दोष दिला, तेव्हां १९३३ सालीं जपाननें राष्ट्रसंघच सोडण्याचें जाहीर केलें.

७ जुलै १९३७ रोजीं पेकिंगजवळील (आजचें बीजिंग) मार्को पोलो पुलापाशीं उभय सैन्यांत चकमक झाली आणि तिच्यांतून सरसकट युद्ध पेटलें. जपाननें त्याला 'युद्ध' हें नांव देखील दिलें नाहीं; 'चीन प्रकरण' असेंच तो म्हणत राहिला. युद्धमंत्री सुगियामा यांनीं सम्राटास आश्वासन दिलें कीं, हें प्रकरण सुमारें एका महिन्यांत मिटेल.

महिन्याचीं आठ वर्षें

एकटें शांघाय घेण्यासच तीन महिने लागले. त्यानंतर १३ डिसेंबर १९३७ रोजीं राजधानी नानकिंग पडली. तेथें शरण आलेल्या सैनिकांची, निःशस्त्र नागरिकांची व स्त्रियांची जी विटंबना आणि कत्तल झाली, ती मनुष्यजातीस लाज आणणारी आहे. दहशतीनें चीन वांकेल अशी कोणाची कल्पना असेल, तर ती साफ खोटी ठरली. ज्यांना आतांपर्यंत राजकारणाशीं कर्तव्य नव्हतें त्यांनाहि शरणागतीपेक्षां लढाई बरी वाटूं लागली.

याच सुमारास तहाची एक संधि आली होती. जर्मनीचे वकील ट्राउटमान हे उभय पक्षांमध्यें मध्यस्थी करीत होते आणि जपानच्या प्रारंभींच्या अटींवर विचार करण्यास चीनचे नेते चँग कै-शेक तयार झाले होते. पण राजधानी हातीं आल्याबरोबर जपाननें अटी वाढविल्या. आणि जानेवारी १९३८ मध्यें पंतप्रधान कोनोए यांनीं जाहीर केलें कीं, यापुढें आम्ही चँग यांच्या सरकाराशीं बोलणेंच करणार नाहीं. ज्याच्याशीं तह करावयाचा त्याचें अस्तित्वच नाकारल्यावर तह करणार कोणाशीं? विजयाच्या भरांत आक्रमकानें स्वतःच परतीचा दरवाजा लावून घेतला.

चीनच्या प्रतिकाराचा मार्ग सरळ होता : भूमि द्यावयाची आणि काळ विकत घ्यावयाचा. १९३८ च्या ऑक्टोबरांत कँटन व वूहान हीं मोठीं शहरें गेलीं, पण सरकार यांग्त्से नदीच्या अरुंद खिंडींपलीकडे चुंगकिंग येथें जाऊन बसलें. विमानांनीं तेथें वर्षानुवर्षें बाँब टाकले. सैन्य मात्र तेथपर्यंत पोहोंचलें नाहीं. या मार्गाची किंमत भयंकर होती हेंहि सांगितलें पाहिजे. त्याच वर्षीं जून महिन्यांत जपानी सैन्याची वाट अडविण्यासाठीं चिनी सरकारनेंच पीत नदीचे बांध फोडले. शत्रु कांहीं काळ थांबला, परंतु लाखों चिनी शेतकरी पुरानें व उपासमारीनें मेले. स्वदेशरक्षणाची ही किंमत ज्यांनीं दिली, त्यांना ती देतां का असें कोणीं विचारलें नव्हतें.

जिंकलेल्या मुलुखाची स्थिति काय होती? नकाशावर तो विस्तीर्ण दिसे. प्रत्यक्षांत जपानच्या हातीं शहरें, बंदरें व लोहमार्ग एवढेंच होतें. मधलीं खेडीं, डोंगर व आडवाटा चिनी लोकांच्याच राहिल्या. गनिमी कावा म्हणजे काय हें महाराष्ट्रीय वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. ऑगस्ट १९४० मध्यें कम्युनिस्ट सैन्यानें उत्तर चीनमधील लोहमार्गांवर व ठाण्यांवर एकाच वेळीं मोठा हल्ला चढविला. त्यावर जपाननें संशयित गांवें जाळण्याचें, लुटण्याचें व माणसें मारण्याचें धोरण चालविलें. एक शत्रु मारावा तों दहा उत्पन्न व्हावेत, अशी ही रीत होती. त्याच वर्षीं मार्चमध्यें नानकिंग येथें वँग चिंग-वै यांचें अंकित सरकार बसविण्यांत आलें. पण परकीय संगिनींच्या आधारानें उभें राहिलेलें सरकार खरा तह करूं शकत नाहीं, कारण त्याच्या शब्दामागें प्रजा नसते.

स्वारीची झळ स्वतःच्या घरास

लांबलेल्या स्वारीचा दुसरा परिणाम आक्रमकाच्या घरांत दिसूं लागतो. एप्रिल १९३८ मध्यें जपानांत एक कायदा होऊन देशांतील माल, मजूर व कारखाने यांवर सरकारास अमर्याद अधिकार मिळाले. १९४० चे ऑलिंपिक सामने टोकियो येथें व्हावयाचे होते. ते भरविण्याचा मान जपाननें जुलै १९३८ मध्यें आपण होऊन परत केला. १९४१ सालीं मोठ्या शहरांतून तांदूळ मोजून मिळूं लागला. पुढें युद्ध आणखी पसरल्यावर १९४३ च्या ऑक्टोबरांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना असलेली लष्करी सेवेची सवलत काढून घेण्यांत आली. टोकियोच्या मेइजी क्रीडांगणावर भर पावसांत हजारों विद्यार्थी खांद्यावर बंदुका घेऊन निरोपाच्या संचलनांत चालले. त्यांच्याहून लहान मुलें व मुली शाळा सोडून कारखान्यांत राबूं लागल्या. पुस्तकें हातीं धरण्याच्या वयांत ज्यांना हें करावें लागलें, त्यांनीं ही स्वारी सुरू केली नव्हती. आमच्या शाळेंतील वाचकांनीं हा परिच्छेद पुन्हां एकदां वाचावा अशी आमची इच्छा आहे.

थांबणें अवघड कां झालें?

येथें सहजच प्रश्न उद्भवतो कीं, एवढें दिसत असतां जपान मागें कां फिरला नाहीं? अमेरिका चीनमधून सैन्य काढून घेण्याचा आग्रह करीत होती. ऑक्टोबर १९४१ मध्यें मंत्रिमंडळांत हा प्रश्न निघाला, तेव्हां युद्धमंत्री तोजो यांनीं कडाडून विरोध केला. तोंपर्यंत एक लाखाहून अधिक जपानी सैनिक चीनमध्यें मरण पावले होते; माघार घेतल्यास त्यांचें बलिदान व्यर्थ जाईल, असें म्हणणें होतें. हा युक्तिवाद ऐकतांना हृदयास भिडतो, परंतु विचार केला असतां तो किती विपरीत आहे हें कळून येतें. गेलेल्यांच्या नांवानें जिवंतांना मरणाकडे पाठवावयाचें. ते मेले म्हणजे माघारीच्या विरुद्ध तितकेंच अधिक कारण! अशा हिशेबांत जमेची बाजू कधींच येत नाहीं. 'धरलें तर चावतें, सोडलें तर पळतें' अशी आक्रमकाची गत होऊन बसते.

एका युद्धांतून दुसऱ्या युद्धांत

जें युद्ध जिंकतां येत नाहीं आणि सोडवत नाहीं, त्यांतून सुटण्यासाठीं आक्रमक पुष्कळदां त्याहून मोठें युद्ध ओढवून घेतो. चीनला बाहेरून मिळणारी मदत तोडावी व दक्षिणेकडील तेल, रबर इत्यादि माल मिळवावा, या हेतूनें जपाननें १९४० सालीं उत्तर इंडोचीनमध्यें व १९४१ च्या जुलैमध्यें दक्षिण इंडोचीनमध्यें सैन्य घातलें. तेव्हां अमेरिकेनें जपानचा पैसा गोठविला व तेल बंद केलें. जपानला लागणाऱ्या तेलाचा फार मोठा भाग अमेरिकेंतूनच येत असे. म्हणजे ज्या इंधनावर स्वारी चालली होती तेंच तुटलें.

कोनोए यांनीं लिहून ठेविलेली या वेळची एक हकीकत बोधप्रद आहे. ५ सप्टेंबर १९४१ रोजीं सुगियामा, जे आतां सेनाप्रमुख झाले होते, त्यांनीं दक्षिणेकडील मोहीम तीन महिन्यांत आटोपेल असें सम्राटास सांगितलें. सम्राटानें त्यांना चीनविषयींच्या महिन्याभराच्या वायद्याची आठवण दिली. चीनचा अंतर्भाग फार विस्तीर्ण आहे, असें सुगियामा म्हणाले. त्यावर, पॅसिफिक महासागर त्याहून विस्तीर्ण नाहीं काय, असें सम्राटानें विचारलें. सेनाप्रमुखांजवळ उत्तर नव्हतें. तथापि तीन महिन्यांनीं, डिसेंबर १९४१ मध्यें, पर्ल हार्बरवर हल्ला झालाच. प्रश्न बिनतोड होता, पण केवळ प्रश्न विचारल्यानें युद्ध थांबत नाहीं.

शेवट

चीनमध्यें गुंतलेलें सैन्य तेथेंच अडकून राहिलें. १९४४ सालीं सुमारें पांच लक्ष सैनिकांनिशीं जपाननें चीनमध्यें आपली सर्वांत मोठी मोहीम केली व ती पुष्कळशी यशस्वीहि झाली. परंतु त्याच वर्षीं पॅसिफिकमधील बेटें जात होतीं आणि आपल्या सरहद्दीवर इंफाळ-कोहिमा येथें जपानी सैन्याचा दारुण पराभव झाला. १९४५ च्या मार्चमध्यें एका रात्रीच्या बाँबहल्ल्यांत टोकियोंतील सुमारें एक लक्ष माणसें भस्मसात झालीं. ६ ऑगस्ट रोजीं हिरोशिमावर व ९ ऑगस्ट रोजीं नागासाकीवर अणुबाँब पडला. त्याच ९ तारखेस रशियन सैन्य मांचुरियांत शिरलें. १५ ऑगस्ट रोजीं सम्राटानें शरणागति जाहीर केली. आश्चर्य असें कीं, त्या दिवशीं देखील चीनच्या भूमीवर दहा लाखांहून अधिक जपानी सैनिक शस्त्रांसह उभे होते. ते रणांगणावर नष्ट झाले नव्हते. ज्या राष्ट्रानें त्यांना पाठविलें होतें तेंच त्यांच्या पाठीमागें कोसळलें होतें.

आतां जमाखर्च पाहूं. जपाननें केवळ १९३७ नंतरचा मुलूखच गमावला असें नाहीं. मांचुरिया, कोरिया व फॉर्मोसा, म्हणजे पन्नास वर्षांची सारी कमाई गेली. सुमारें एकतीस लाख जपानी लोक या युद्धांत मेले. साठ लाखांहून अधिक सैनिक व नागरिक परदेशांतून रिकाम्या हातांनीं स्वदेशीं परत आणावे लागले. महिन्याचा वायदा करणाऱ्या सुगियामा यांनीं सप्टेंबर १९४५ मध्यें स्वतःवर गोळी झाडून घेतली. तहाचा दरवाजा लावणाऱ्या कोनोए यांनीं डिसेंबरांत विष घेतलें. तोजो यांस १९४८ च्या डिसेंबरांत फांशी झाली. मे १९४७ मध्यें अमलांत आलेल्या नव्या राज्यघटनेनें जपाननें युद्धाचा हक्कच सोडून दिला.

तथापि आक्रमकास शिक्षा झाली म्हणजे न्याय पुरा झाला, असें मानूं नये. चीनमधील मृतांची संख्या एक कोटीहून अधिक होती, आणि जर्जर झालेल्या त्या देशास लागलीच यादवी युद्धानें ग्रासलें. त्या काळीं आपला देश स्वतः परतंत्र होता. तरी १९३८ च्या सप्टेंबरांत राष्ट्रसभेनें पांच डॉक्टरांचें एक पथक चीनला पाठविलें. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर व सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे होते. कोटणीस उत्तर चीनमध्यें गनिमी सैन्याबरोबर राहून जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, तेथेंच कालवश झाले. हातीं शस्त्र न घेतांहि अन्यायाविरुद्ध उभें राहतां येतें, हें त्यांनीं दाखविलें.

प्रत्येक आक्रमक हरतोच, असा आमचा सिद्धांत नाहीं. मांचुरिया चौदा वर्षें व कोरिया पस्तीस वर्षें जपानच्या टांचेखालीं राहिलाच. परंतु स्वारी लांबली म्हणजे तिचा क्रम ठरलेला असतो : प्रथम सोप्या विजयाची खात्री, मग तहाचा अव्हेर, मग मृतांच्या नांवानें माघारीस विरोध, मग अधिक मोठें युद्ध, आणि शेवटीं जें जिंकावयाचें होतें त्यासह जें पूर्वींचें होतें त्याचाहि नाश. यांतील प्रत्येक पायरीवर परत फिरण्यास जागा होती, आणि प्रत्येक पायरीवर परत फिरण्याची किंमत आधींच्या पायरीपेक्षां अधिक होती. १९३७ च्या अखेरीस जो तह थोडक्यांत झाला असता, त्याच्या ऐवजीं आठ वर्षांनीं बिनशर्त शरणागति पत्करावी लागली. यास्तव ज्यांच्या हातीं राष्ट्राचीं सूत्रें असतात त्यांना प्रजेनें पहिल्याच दिवशीं विचारावें कीं, हें संपणार कसें? आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत तो प्रश्न विचारणें सोडूं नये.