घरबसल्या मिळणारा सातबारा: तो कसा घ्यावा, कसा वाचावा व चूक कशी सुधारून घ्यावी

कर्ज काढावयाचें असो, पिकाचा विमा उतरावयाचा असो, विहिरीसाठीं अनुदान मागावयाचें असो, कीं भावाभावांत वांटणी करावयाची असो, शेतकऱ्याकडे पहिला कागद मागितला जातो तो सातबाराचा. या एका कागदासाठीं आमच्या वडिलांच्या पिढीनें चावडीच्या किती खेपा घातल्या याचा हिशेब कोणीं ठेवलेला नाहीं. तलाठी एक आणि त्याच्याकडे गांवें तीन-चार. तो आज येथें तर उद्यां तालुक्यास. गांठ पडली तर दप्तर दुसऱ्या गांवीं, आणि दप्तर सांपडलें तर लिहिण्यास वेळ नाहीं. आज तोच उतारा मोबाईलवर बोट फिरवून पंधरा रुपयांत हातीं येतो. ही सोय लहान नाहीं. परंतु उतारा लवकर मिळूं लागला म्हणून तो बरोबर असतो असें नाहीं; चुकीचा उताराही तितक्याच लवकर मिळतो. म्हणून उतारा कसा मिळवावा एवढेंच न सांगतां तो कसा वाचावा आणि चूक आढळल्यास काय करावें, हें क्रमानें सांगण्याचें या लेखांत योजिलें आहे.

हा कागद कोठून आला

जुन्या मुंबई इलाख्यांत जमिनीची मोजणी व आकारणी यांची जी पद्धति रुजली, तिची सुरुवात गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं १८३५ च्या सुमारास पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्यांत केली. त्या वेळीं सरकारास मुख्यतः सारा कोणाकडून वसूल करावयाचा एवढेंच पाहावयाचें होतें. कोणत्या जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे, याची स्वतंत्र नोंद ठेवण्याचा कायदा १९०३ सालीं झाला. सध्यां हें काम महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि तिच्याखालील १९७१ चे नियम यांस अनुसरून चालतें. गांव नमुना सात हें हक्कांचें पत्रक व गांव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. हे दोन नमुने एकाच कागदावर येतात म्हणून त्यास सातबारा म्हणावयाचें.

हे उतारे संगणकांत घालण्याच्या कामीं शेजारच्या कर्नाटकानें पुढाकार घेतला. तेथील ‘भूमि’ योजनेंत सुमारें ६७ लाख शेतकऱ्यांचे सुमारें दोन कोटी उतारे संगणकांत घालण्यांत आले, आणि या शतकाच्या आरंभीं ते तालुक्याच्या कचेरींतील खिडकीवर पंधरा रुपयांस मिळूं लागले. आपल्याकडे हस्तलिखित उतारे संगणकांत उतरवून झाल्यावर ते गांवकऱ्यांपुढें वाचून चुका शोधण्यासाठीं २०१७ सालीं चावडीवाचनाची मोहीम झाली, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे उतारे देण्यास आरंभ झाला. लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, संगणकांत गेलें तें जुन्याच वहींतलें. वहींत जी चूक होती ती तशीच गेली, आणि उतरवून घेतांना बोटाच्या चुकीनें कांहीं नव्या चुका तींत मिसळल्या. चावडीवाचनाच्या वेळीं जे हजर राहिले त्यांच्या चुका निघाल्या. जे मुंबईस होते किंवा घरीं बसले, त्यांपैकीं कित्येकांच्या आजही तशाच आहेत.

उतारा कसा घ्यावा

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गांव व गट क्रमांक घातला म्हणजे उतारा फुकट पाहावयास मिळतो. तो केवळ माहितीपुरता. त्यावर सही नसल्यामुळें सरकारी कामीं किंवा न्यायालयांत तो चालत नाहीं. कामकाजासाठीं डिजिटल सहीचा उतारा घ्यावा. महाभूमीच्या संकेतस्थळावर नांव नोंदवून पंधरा रुपये भरले कीं तो उतरवून घेतां येतो. त्यावर तपासणीचा क्रमांक छापलेला असतो, व त्यावरून उतारा खरा कीं बनावट हें कोणासही ताडून पाहतां येतें. अशा उताऱ्यावर तलाठ्याच्या, म्हणजे ज्यास अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असें नांव मिळालें आहे त्याच्या, शाईच्या सहीची वा शिक्क्याची जरूर नसते. तरीही पुष्कळ ठिकाणीं शिक्का मारून आणण्यास सांगितलें जातें, आणि आमचे शेतकरीही निमूटपणें खेप घालतात. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, तो असा.

ज्यांस हें स्वतः जमत नाहीं त्यांनीं आपले सरकार सेवा केंद्रावर जावें. परंतु दर आधीं विचारावा, पावती घ्यावी, आणि आपल्या मोबाईलवर आलेला गुप्त अंक कशासाठीं मागितला जात आहे हें समजल्याशिवाय तो कोणास सांगूं नये.

उतारा कसा वाचावा

वर्षांतून निदान एकदां, सारा भरण्याच्या सुमारास, आपल्या प्रत्येक गटाचा उतारा काढून पुढील गोष्टी पाहाव्या.

१. नांव. आपलें, बापाचें व आडनांव हीं आधार कार्डावर व बँकेच्या पुस्तकांत जशीं आहेत तशींच उताऱ्यावर आहेत काय? एका अक्षराच्या फरकानें अनुदान अडतें.

२. क्षेत्र. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर यांत असतें. १०० आर म्हणजे एक हेक्टर, आणि एक हेक्टर म्हणजे सुमारें २.४७ एकर. प्रत्येक खातेदाराच्या नांवापुढील क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशीं जुळली पाहिजे. उदाहरणार्थ, एका गटांत लागवडीयोग्य क्षेत्र ३ हेक्टर ५ आर आहे, आणि तीन भावांचे वांटे १ हेक्टर ५ आर, १ हेक्टर व १ हेक्टर असे आहेत. बेरीज जुळली. आतां पहिल्या भावापुढें १.०५ च्या जागीं १.५० पडलें, तर बेरीज ३ हेक्टर ५० आर होते, म्हणजे जमिनीवर नसलेले ४५ आर कागदावर निपजले. आज हें कोणास खुपत नाहीं. परंतु धाकट्या भावानें आपला वांटा विकावयास काढला कीं भांडण उभें राहतें.

३. भोगवट्याचा वर्ग. वर्ग एकची जमीन मालकास सर्वसाधारणपणें विकतां येते. वर्ग दोनच्या जमिनीस सरकारी परवानगी लागते. खरेदी करणारानें हा रकाना सर्वांआधीं पाहावा.

४. इतर अधिकार. बँकेचा बोजा, कुळाचें नांव, वाटेचा किंवा विहिरीचा हक्क हीं सर्व येथें असतात. कर्ज फेडलें म्हणजे बोजा आपोआप उतरला असें समजूं नये. बँकेचा फेडीचा दाखला घेऊन बोजा कमी करण्याचा अर्ज करावा. हा अर्ज, तसेंच वारसाची नोंद करण्याचा अर्ज, ‘ई-हक्क’ या सोयीनें घरूनही करतां येतो.

५. पीक. नमुना बारामध्यें यंदाचें पीक शेतांत आहे तेंच आहे काय? या प्रश्नाविषयीं जरा विस्तारानें सांगणें अवश्य आहे.

पिकाची नोंद आपली आपण

पूर्वीं पीकपाहणी तलाठ्यानें शेतावर जाऊन करावी असा नियम होता. एका माणसास हजारों शेतें फिरणें अशक्य. तेव्हां ती कित्येकदां चावडींत बसून, गेल्या वर्षाचें पीक यंदां पुन्हां लिहून होत असे. उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा प्रकार थांबावा म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. आतां शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून मोबाईलवर पिकाचें नांव व क्षेत्र भरावयाचें आणि पिकाचें छायाचित्र काढावयाचें; छायाचित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात.

ही नोंद न केल्यास काय होतें तें २०२४ सालीं दिसून आलें. २०२३ च्या खरिपांतील कापूस व सोयाबीन उत्पादकांस भाव पडल्याबद्दल हेक्टरी ५,००० रुपयांची मदत दोन हेक्टरांच्या मर्यादेंत देण्याचें राज्य सरकारनें ठरविलें. प्रथम ती ई-पीक पाहणींत नोंद असलेल्यांसच मिळावयाची होती. ज्यांनीं खरोखर कापूस वेंचला, सोयाबीन मळलें, परंतु मोबाईलवर नोंद केली नाहीं, ते वगळले गेले. ओरड झाली व पुढें अट शिथिल करावी लागली. प्रत्येक वेळीं अशी सवलत मिळेल या भरंवशावर कोणीं राहूं नये. हमीभावाच्या खरेदीची नोंदणी असो कीं अतिवृष्टीची भरपाई असो, शेतांतील पीक व उताऱ्यावरील पीक एक असणें हाच भक्कम पुरावा होय.

नोंदीची मुदत हंगामागणिक जाहीर होते. शेवटच्या दिवसांत सर्वांनीं एकदम गर्दी केली कीं यंत्रणा मंदावते. म्हणून पीक ओळखूं येण्याइतकें वाढलें कीं नोंद उरकावी. राहिलेल्या शेतांची पाहणी करण्यासाठीं गांवोगांव साहाय्यक नेमण्याची पद्धति आहे. त्यानें आपल्या शेतीं काय लिहिलें तेंही पाहावें.

फेरफारावर नजर

जमिनीच्या हक्कांत बदल झाला कीं त्याची नोंद प्रथम गांव नमुना सहा, म्हणजे फेरफाराच्या वहींत, होते. खरेदीखताची नोंदणी झाल्याची वर्दी आतां संगणकाद्वारें आपोआप महसूल खात्याकडे जाते. वारसाहक्काची वर्दी मात्र आपणच द्यावयाची असते, आणि तिची मुदत तीन महिन्यांची आहे. पुष्कळ घरीं वडील जाऊन दहा-दहा वर्षें लोटतात तरी उताऱ्यावर त्यांचेंच नांव असतें. मग कर्ज मिळत नाहीं व मदतीचे पैसे मृताच्या नांवें अडकून पडतात. वारसांत मुलींचीं नांवें गाळण्याची खोडही अजून गेलेली नाहीं. हिंदु वारसा कायद्यांतील २००५ च्या दुरुस्तीनें वडिलार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच हक्क आहे. आज गाळलेलें नांव उद्यां दाव्याच्या रूपानें परत येतें.

फेरफार वहींत आल्यावर संबंधितांस नोटीस निघते, हरकतीसाठीं पंधरा दिवस मिळतात, आणि त्यानंतर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ही नोटीस ‘आपली चावडी’ या सरकारी पानावरही पाहावयास मिळते. ज्यांची शेतें गांवीं व पोट पुण्या-मुंबईस आहे, त्यांच्यासाठीं याहून मोलाची सोय नाहीं. पंधरवड्यांतून एकदां आपल्या गांवाचें पान उघडून आपला गट क्रमांक त्यांत आला आहे काय तें पाहावें. मुदत टळल्यावर हरकत घेणें म्हणजे वरातीमागून घोडें.

चूक आढळल्यास

केवळ लिहिण्यांतली चूक असेल, म्हणजे अक्षर किंवा अंक बदलला असेल, तर संहितेच्या कलम १५५ अन्वयें दुरुस्तीसाठीं तहसीलदाराकडे अर्ज करावा, आणि सोबत जुन्या हस्तलिखित उताऱ्याची व त्या फेरफाराची नक्कल जोडावी. म्हणून जुने कागद संगणक आला म्हणून टाकून देऊं नयेत. चूक सिद्ध करावयास तेच उपयोगीं पडतात. फेरफारच अमान्य असेल तर निर्णयापासून साठ दिवसांच्या आंत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करावें. आणि मालकीचाच वाद असेल तर तो दिवाणी न्यायालयांतच सुटतो. उताऱ्यावरील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते हें खरें, परंतु नोंदीनें मालकी निर्माण होत नाहीं.

प्रत्येक अर्जाची पोंच घ्यावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणें अधिसूचित सेवा ठराविक मुदतींत मिळणें हा नागरिकाचा हक्क आहे. मुदत टळल्यास अपील करतां येतें, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. पोंच नसेल तर अर्ज कोणत्या दिवशीं दिला हेंच ठरत नाहीं, आणि हक्क कागदावर राहतो.

गांवानें काय करावें

या सर्व सोयी ज्याच्याकडे मोबाईल आहे, ज्यास वाचतां येतें आणि ज्याच्या शिवारांत तार-लहर पोंचते त्यास सुलभ आहेत. परंतु सर्वांत अधिक गरज ज्यास आहे त्याच्याकडे बहुधा यांपैकीं एखादी गोष्ट नसते: वृद्ध खातेदार, एकटी विधवा, डोंगरकपारीचा अल्पभूधारक. पूर्वीं तो चावडीवर तलाठ्याची वाट पाहत बसे. आतां तो सेवा केंद्राच्या दारीं बसतो. यास उपाय गांवाच्याच हातीं आहे. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांच्या पिकांच्या नोंदी करतां येतात. विकास सोसायटीनें वा ग्रामपंचायतीनें हंगामांत दोन दिवस ठरवून, शिकलेल्या मुलामुलींस बरोबर देऊन, मागें राहिलेल्या शेतांच्या नोंदी पुऱ्या कराव्या. तसेंच वर्षांतून एकदां ग्रामसभेंत गांवचे उतारे मोठ्यानें वाचावे. २०१७ सालीं सरकारच्या हुकुमानें जें झालें तें गांवानें आपण होऊन करण्यास कोणाची आडकाठी नाहीं.

शेताच्या बांधावरून आपण वरचेवर फिरतों. कोणीं बांध कोरला तर तो तासाभरांत आपल्या ध्यानांत येतो. सातबारा हा त्याच शेताचा कागदावरील बांध आहे, आणि आतां तो कोणत्याही दिवशीं घरबसल्या पाहतां येतो. वाचकांनीं हा अंक मिटण्यापूर्वीं निदान आपल्या एका गटाचा उतारा काढून वरील पांच गोष्टी ताडून पाहाव्या, आणि शेजाऱ्यास तें जमत नसेल तर त्याचाही पाहून द्यावा.