लिंबांची गाडी का थरथरली

आमचं मूळ गाव विजयपूर जिल्ह्यात, इंडीजवळ. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि दोन्हीकडे विषय एकच, लिंबू. मी बेंगळुरूत लिंबाचाच धंदा करतो. बनशंकरीच्या देवळात राहुकाळात देवीची पूजा होते आणि लिंबाची अर्धी साल उलटी करून तिच्यात दिवे लावतात. मंगळवारी आणि शुक्रवारी फार गर्दी असते. शुक्रवारचा राहुकाळ साडेदहाला लागतो, त्याच्या खूप आधी देवळाबाहेरच्या बायकांकडे माझी पोती उतरलेली हवीत. गाडी रस्त्यात अडली तर माझ्याबरोबर त्यांचाही दिवस बुडतो. म्हणून गाडी थरथरायला लागली तेव्हा मी धास्तावलो. पुढचे दोन महिने त्यात गेले. त्यातून जे हाती लागलं ते लिहितो.

१. गाडी कधी थरथरते ते आधी वहीत लिहा. मी हे फार उशिरा केलं. "पिकअप घेताना गचके मारते" एवढंच सांगितलं, तर प्रत्येक मेकॅनिक आपल्या सवयीचा भाग खोलतो. जागेवरून निघताना क्लच सोडता सोडता थरथर येते का? रिकाम्या गाडीला येते की मालाच्या? पाय उचलला की थांबते का? सत्तरच्या पुढे स्टिअरिंग हलत असेल आणि पाय उचलूनही ते थांबत नसेल, तर पहिला संशय टायरच्या बॅलन्सिंगवर घ्या. माझ्या वहीत शेवटी हे उतरलं : माल टनभर, कदिरेनहळ्ळीच्या अंडरपासमधून वर चढताना, वेग २५ ते ४०, पाय उचलताच बंद.

२. एकाच वेगाला दोन गिअर लावून बघा. समजा ३०च्या वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये थरथर आहे. त्याच वेगाला तिसरा टाका. इंजिनाचे फेरे कमी झाले, पण चाकं आणि शाफ्ट तेवढेच फिरताहेत. थरथर जशीच्या तशी राहिली तर दोष गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्ट, एक्सल किंवा चाकात शोधावा. ती इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलली, तर पुढे बघावं. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून रेस देऊनही पाहा. माझं इंजिन न्यूट्रलमध्ये अगदी शांत होतं. या तपासाला पाना लागत नाही की पैसा. शेजारी कुणीतरी वही घेऊन बसवा, चालवणाऱ्याने रस्त्यावरच लक्ष ठेवावं.

३. स्वस्त गोष्टी आधी. डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी काढणं, एअर फिल्टर झटकणं, इंजिनाच्या माउंटिंगचं रबर फाटलंय का ते बघणं. माझ्या फिल्टरमध्ये थोडं पाणी निघालं. थरथर तशीच राहिली, पण ते काम करायचंच होतं.

४. क्लचवर मी घाई केली. एका गॅरेजमध्ये सांगितलं की प्लेट गेली, आणि मी हो म्हटलं. क्लचची थरथर गाडी उठताना, पेडल अर्ध्यात असताना येते. प्लेटवर तेल आलं किंवा फ्लायव्हील तापून डागाळलं की तशी येते. माझा पाय पेडलवरून पूर्ण निघालेला असायचा, गाडी पंचविसाच्या वर गेलेली असायची. वहीतली ती एक ओळ मी आधी दाखवली असती तर गिअरबॉक्स उतरवावाच लागला नसता.

५. मालाच्या गाडीचा शाफ्ट समजून घ्या. लांब गाडीचा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, मधे सेंटर बेअरिंग. ते रबरात बसवलेलं असतं. सांध्यांमध्ये क्रॉस असतात. या सांध्याला इटलीच्या कार्डानोचं आणि इंग्लंडच्या रॉबर्ट हूकचं नाव आहे, इतका तो जुना. त्याचा एक स्वभाव आहे. अलीकडचा भाग एकसारखा फिरत असला, तरी वाकलेल्या सांध्यापलीकडचा भाग एका फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक दोन्ही बाजूंना साधारण दीड टक्का पडतो. ॲक्सिलरेटर दाबला की मागच्या एक्सलचं नाक वर उचलतं, कमानपाटे पिळतात, कोन बदलतो. म्हणून जोर लावताना थरथर, आणि पाय उचलला की शांतता.

क्रॉस तपासायचा तर शाफ्ट हातात धरून दोन्ही बाजूंना पिळा. टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया ग्रीसवाचून कोरड्या पडल्यात. माझ्या मागच्या क्रॉसला ती भुकटी होती. जेसी रोडवरून नवा क्रॉस आणून बसवून घेतला.

६. आणि गाडी आधीपेक्षा जास्त थरथरायला लागली.

या दिवसांत मी खरोखर खचलो होतो. शेवटी कनकपुरा रोडच्या बाजूला एक वयस्कर मेकॅनिक भेटले. त्यांनी गाडीखाली जाऊन काही न खोलता नुसती बॅटरी मारली, आणि मला आत बोलावलं. "नोडी सार," म्हणाले, आणि मागच्या तुकड्याच्या दोन टोकांकडे बोट दाखवलं. क्रॉस धरणारे दोन्ही योक एका रेषेत नव्हते. क्रॉस बदलताना स्लाइडिंग योक बाहेर निघाला होता आणि परत घालताना खाचांत थोडा फिरून बसला होता. पुढच्या सांध्याचा पुढे-मागेपणा मागच्या सांध्याने खोडून काढायचा असतो. रेष चुकली की तो खोडला जात नाही, उलट त्यात भर पडू शकते.

मग त्यांनी सेंटर बेअरिंगखाली पहार लावून हलकेच उचललं. रबर अर्धं फाटलेलं होतं. म्हणजे पहिल्या दिवसाची थरथर इथली, आणि नंतरची आम्ही घातलेली. मी विचारलं, "अण्णा, आधी कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?" ते म्हणाले, उभ्या गाडीत रबर आपल्या जागी बसलेलं दिसतं, उचलल्याशिवाय फट कळत नाही.

शाफ्ट खोलण्याआधी दोन्ही बाजूंना रंगाने किंवा पंचाने खूण करा. फ्लँजलाही करा.

७. शाफ्ट उतरवला की गिअर गाडीला धरून ठेवत नाही, कारण गिअरबॉक्स आणि चाकांचा संबंधच तुटलेला असतो. नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका, चाकांना पुढून-मागून दगड लावा. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

८. परीक्षा त्याच चढावर, तेवढ्याच मालाने घ्या. नवं सेंटर बेअरिंग, योक रेषेत, चारही टोप्यांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरलेलं. रिकामी गाडी चालवून खूश व्हायला मी तयार नव्हतो. शुक्रवारी पहाटे कलासिपाळ्यहून टनभर लिंबं भरली, कदिरेनहळ्ळीच्या अंडरपासमध्ये उतरलो आणि दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दिला. पंचवीस, तीस, चाळीस. डॅशबोर्डवर ठेवलेलं लिंबू जागचं हललं नाही. नवाच्या आत देवळापाशी पोती उतरली होती, आणि बायका साली उलट्या करायला बसल्या होत्या.