आधी फेसवरची खूण बघ

दादर,
जूनअखेर

चि. अमेय यास,


तुझा मेसेज आणि गोल्फ सिम्युलेटरचा तक्ता दोन्ही नीट पाहिले. तुला कमी स्पिनचा ड्रायव्हर घ्यायचाय आणि ताई विचारतेय, एवढे पैसे घालायची खरंच गरज आहे का. तिच्याशी मी फोनवर बोलेन. तुला मात्र सविस्तर लिहितो, कारण हे हो-नाही म्हणून उरकण्यासारखं नाही.

तुझ्या स्विंगचा वेग खरा आहे. ताशी ११० मैल म्हणजे हौशी खेळाडूसाठी फारच चांगला. उदयन माने टोकियो ऑलिम्पिकला खेळला तेव्हापासून तू या खेळामागे किती घाम गाळलास, ते मी पाहिलंय. पण दुकानात ‘तुमच्या स्पीडला एलएस, म्हणजे लो स्पिनच पाहिजे’ असं सांगतात, ते अर्धंच खरं. वेग जास्त म्हणून कमी स्पिनचं हेड घ्यायचं नसतं. स्पिन जास्त आहे आणि तो दुसऱ्या कशाने उतरत नाही, अशी खात्री झाली तरच घ्यायचं.

आता तुझा तक्ता बघ. स्पिन मिनिटाला ३३०० फेऱ्यांच्या आसपास, चेंडू सुटण्याचा कोन नऊ अंश. तुझ्या वेगाला स्पिन साधारण २२०० ते २६०० आणि कोन बारा अंशांच्या जवळपास हवा. म्हणजे सात-आठशे फेरे नक्की जास्त आहेत. पण ते आले कुठून? त्याच ओळीत ‘अटॅक अँगल’चा रकाना आहे, तिथे उणे चार लिहिलंय. तुझं हेड चार अंश खाली येताना चेंडूला भिडतंय. तू शिवाजी पार्कात बॅट धरून वाढलास, चेंडू जमिनीलगत ठेवायचा हे तुझ्या हाडात मुरलंय. आयर्नला ती सवय सोन्यासारखी आहे, म्हणून तर तुझे आयर्न इतके सुरेख बसतात. ड्रायव्हरला मात्र तीच सवय स्पिन वाढवते. अमेरिकेतल्या पीजीए टूरवरचे खेळाडूही सरासरीने किंचित खालीच येतात, पण एखाद अंशाने. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत ठेव, टी थोडी उंच लाव, उजवा खांदा जरा खाली राहू दे. उणे चारवरून शून्याच्या जवळ आलास, तर आहे त्याच ड्रायव्हरवर स्पिन उतरेल आणि कोनही वाढेल. पैसे न घालता जे मिळतं ते आधी घे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कमी स्पिनच्या हेडमध्ये वजन खाली आणि पुढे, फेसच्या जवळ आणलेलं असतं. त्यामुळे स्पिन घटतो, पण हेडचा स्थिरपणाही घटतो. चेंडू फेसच्या टोकाला किंवा टाचेला लागला की हेड जास्त पिळतं, चेंडूचा वेग जास्त घटतो, दिशाही जास्त बिघडते. नियमाने हेड ४६० घनसेंटिमीटरपर्यंत मोठं चालतं. पण टायटलिस्टचं जीटी४ ४३० चं आहे, पिंगचं जी४३० एलएसटी ४४० चं. ही हेड फेसच्या मधोमध मारणाऱ्यांसाठी आहेत. तू मधोमध मारतोस का, ते मला तक्त्यावरून कळत नाही. तुलाही कळत नसणार.

म्हणून असं कर. व्हाइटबोर्डचा मार्कर घे आणि चेंडूवर बोटाच्या नखाएवढा ठिपका काढ. तो ठिपका फेसकडे येईल असा चेंडू टीवर ठेव. फटका मारलास की शाईची खूण फेसवर उमटेल. फोटो काढ, ओल्या फडक्याने फेस पूस, पुन्हा मार. घाई करू नकोस, दमल्यावरचे फटकेही त्यात येऊ देत, कारण सोळाव्या टीवर तू दमलेलाच असतोस. सगळ्या खुणा एका रुपयाच्या नाण्यात मावल्या, तर कमी स्पिनच्या हेडचा विचार कर. खालच्या कडेला पसरल्या असतील, तर जादा स्पिनचं आणखी एक कारण तुला तिथेच सापडलं, कारण फेसच्या खालच्या भागात लागलेला चेंडू जास्त फिरतो. वरच्या भागात लागलेला कमी फिरतो. कमी स्पिनच्या हेडवर तोच फटका १८०० च्या खाली गेला की चेंडूला हवेत आधार उरत नाही आणि तो मध्येच गळून पडतो.

तू मला २९० यार्डांचा आकडा लाल गोल करून पाठवलास. तो रोलसकट आहे, आणि सिम्युलेटरचं मैदान मे महिन्यातल्यासारखं कडक धरलेलं असतं. चेंबूरच्या प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर आत्ता जाऊन बघ. चेंडू पडतो तिथेच रुततो. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे रोल जवळपास मिळतच नाही, म्हणून फक्त कॅरीचा, म्हणजे हवेतल्या अंतराचा रकाना वाच. पुण्याला खेळलास तर आणखी सावध राहा. तिथली हवा विरळ, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, तिथली कॅरी मुंबईत मिळत नाही. मात्र मुंबईत एप्रिल-मेच्या दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, त्या वाऱ्यात ३३०० स्पिनचा चेंडू फुगून वर चढतो आणि जागच्या जागी खाली येतो. तुझी तक्रार तिथूनच सुरू झाली ना? ती रास्त आहे, म्हणूनच हा ड्रायव्हर मी धुडकावून लावत नाही.

लॉफ्टबद्दल हट्ट धरू नकोस. नऊ अंशांचाच हवा, असं तुमच्या ग्रुपमध्ये सगळेच म्हणतात. कमी स्पिनच्या हेडला उलट साडेदहाचा लॉफ्ट अनेकदा जास्त शोभतो, कारण स्पिन हेड उतरवतं आणि उंची लॉफ्ट देतो. फक्त शाफ्टची स्लीव्ह फिरवून लॉफ्ट वाढवलास, तर फेस थोडा बंद होतो, हे ध्यानात ठेव. तुझा चुकीचा फटका डावीकडे जातो.

गणपतीच्या गर्दीत लालबागमधून किट घेऊन बाहेर पडणं अशक्य, तेव्हा त्याआधी टी आणि चेंडूच्या जागेचं काम पुरं कर. मग फिटिंगला जाऊ, मी येतो. एकाच कंपनीची तीन हेड मागू: कमी स्पिनचं, मधलं आणि सर्वांत स्थिर. शाफ्ट तिन्हींना एकच, चेंडू तू मॅचला वापरतोस तोच, रेंजचे नकोत. सर्वांत लांब गेलेला फटका बाजूला ठेवू आणि प्रत्येक हेडचे वाईट फटके कुठे पडले, ते लिहून काढू. माझा अंदाज मधल्या हेडचा आहे, पण निर्णय तो कागदच देईल.

जुना ड्रायव्हर तोवर विकू नकोस. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा