तवसं आलीत, धोंडस कर

अगं, आधी एक सांगते, रोज सकाळी पोहे करणं सोड. पोहे वाईट म्हणून नव्हे. पोहे, उपमा, घावन हे सगळे 'गरम गरम खा' जातीचे पदार्थ आहेत आणि ज्या घरात चौघांच्या चार वेळा असतात, तिथे गरम गरम म्हणजे बाई ओट्याशी उभी. तुझा नवरा पहिल्या पाळीला सहाच्या आधी घर सोडतो. लेकीची शाळा. तुला पालघरची एसटी गाठायची. सासू-सासरे आंघोळ-पूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालत नाहीत. म्हणजे एक नाश्ता तू चार वेळा वाढतेस, आणि स्वतः उभ्या उभ्या चहात बिस्किट बुडवून निघतेस. पोहे पाच मिनिटांत होतात म्हणणाऱ्यांनी कांदा कधी चिरलेला नसतो गं. त्यात पाणी भरणं वेगळंच. मासवणहून सूर्या नदीचं पाणी पार वसई-विरारला जातं, म्हणून काही घरातले हंडे आपोआप भरत नाहीत.

तेव्हा रात्री करून ठेवायचं असं काहीतरी हवं, जे सकाळपर्यंत बिघडणार नाही, उलट चांगलं लागेल, आणि ते घ्यायला कुणाला तुझी हाक मारावी लागणार नाही. आत्ताच्या दिवसांत त्याला एकच नाव सुचतं मला. धोंडस.

आठवतं ना? आई दसऱ्याच्या आगेमागे करायची. बाबा नोकरीसाठी तारापूरला आले, तरी आईचं स्वयंपाकघर सिंधुदुर्गातच राहिलं होतं. गोव्याकडे याला तवसळी म्हणतात. तवस म्हणजे पावसाळ्यात मांडवावर वाढलेली ती जून, हातभर लांब, पिवळसर पडलेली काकडी. तुला त्यासाठी लांब जायला नको. मनोरला, मस्तान नाक्याला हायवेच्या कडेला बायका ढीग मांडून बसतात. आपल्याकडच्या आदिवासी घरांतही दिवाळीच्या सुमारास याच काकडीचं करतात की! कीस आणि नव्या तांदळाचं पीठ कालवून, चाईच्या पानावर थापून वाफवलेली सावेली. तू शाळेत असताना तुझी एक मैत्रीण डब्यात आणायची, तू आपली पोळी देऊन ती घ्यायचीस. ती वाफेवरची, आपलं धोंडस निखाऱ्यावरचं, एवढाच काय तो फरक.

आता तवस कसं घ्यायचं ते नीट ऐक. हातात घेऊन जड लागलं पाहिजे. साल पिवळट, करकरीत. मऊ पडलेलं, सुरकुतलेलं नको. घरी आल्यावर देठाकडची चकती कापून आधी चाखायची. कडवटपणा देठाकडे जास्त असतो. तिथे जरासा लागला तर थोडं खाली कापून पुन्हा चाख. आतपर्यंत कडूच असलं तर सरळ टाकून दे. गुळाने ते झाकलं जात नाही, आणि कडूजहर काकडी पोटालाही बरी नाही. देठ चोळून फेस काढला की कडूपणा जातो असं सासूबाई म्हणतील. म्हणू देत, फेस काढ आणि तरीही चाख.

साल काढ, उभं चिर, मधला बियांचा गाभा चमच्याने खरवडून काढ. गाभा फेकू नको, गाळणीत दाबून त्याचं पाणी काढून घे. जून तवसाची खरी चव त्या आंबूस पाण्यात असते. बाकीचं जाड किसणीवर किस. कीस पिळायचा नाही. पाण्यासकट तीन वाट्या भरला पाहिजे.

दोन वाट्या तांदळाचा रवा. दुकानात इडली रवा मिळतो तो चालतो, पण घरचा असेल तर तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून मिक्सरला भरड काढ. जुना तांदूळ घे. दसऱ्याला हळवं भात कापून झालं की सासरे कौतुकाने नवे तांदूळ पुढे करतील, पण नव्याला चिकटा फार, धोंडस गिच्च होतं. ते नवे तांदूळ सावेलीला ठेव. आणि महागाचा वाडा कोलमही नको. २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, छान झालं, पण तो भाताला. दळून गुळात घालायचा तांदूळ नव्हे तो.

रवा दोन मोठे चमचे तुपावर मंद भाजायचा. रंग बदलू द्यायचा नाही. आधी ओलसर, चिकट वाटतो, उलथन्याला धरून बसतो. मग एका क्षणी मोकळा होऊन कढईत वाळूसारखा सरसरायला लागतो आणि वास सुटतो. तिथे थांबायचं. दुसऱ्या पातेल्यात कीस, त्याचं पाणी आणि सव्वा वाटी चिरलेला गूळ घाल. गूळ विरघळून एक-दोन उकळ्या आल्या की पाव चमचा हळद, अर्धा चमचा मीठ. मीठ विसरलीस तर मला फोन करून 'काहीतरी कमी लागतंय' म्हणू नकोस, तेच कमी असतं. मग एका हाताने रवा सोडत दुसऱ्या हाताने ढवळ, गॅस बंद कर, झाकण ठेव आणि वीस मिनिटं दुसरं काहीतरी कर. लेकीचा अभ्यास घे, नाहीतर घेऊ नकोस, नुसती बस. तेवढ्यात रवा पाणी पिऊन फुगतो. झाकण काढल्यावर शिऱ्याहून जरा सैल दिसलं पाहिजे. घट्ट वाटलं तर नारळाचं दूध किंवा साधं दूध घालून सैल कर. शेवटी वाटीभर ओलं खोबरं, वेलची, हवं तर काजूचे तुकडे.

सोडा, बेकिंग पावडर काही घालायचं नाही. तुझी लेक विचारेल केक फुगला का नाही म्हणून. तिला सांग, हा फुगत नसतो, दडस असतो, म्हणूनच एका तुकड्यात दुपारपर्यंत भूक लागत नाही.

आता भाजणं. आजी जाड बुडाच्या पातेल्यात तळाशी हळदीचं पान अंथरायची, वर मिश्रण, मग झाकण आणि झाकणावर करवंटीचे निखारे. खालीही निखारेच, पण कमी. रात्री जेवणं उरकली की पातेलं चुलीवर जायचं आणि निखारे आपोआप निवत जायचे. वरून लालसर, खालून खमंग, मधे ओलसर. ती चव ओव्हनला शंभर टक्के येत नाही हे मी मान्य करते, पण चुलीपुढे आजीचे डोळे कसे व्हायचे तेही मला आठवतं, त्यामुळे मी ओव्हनच्या बाजूने आहे. १८० अंशांवर आधी तापवून घे. भांड्याला तूप लाव, हळदीचं पान असेल तर तळाशी घाल. गणपतीपासून दिवाळीपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या परसात मिळतंच. नसलं तर केळीचं पान विस्तवावर फिरवून मऊ करून घे. पाऊण तास लागतो. कडा भांड्यापासून सुटतात, वर बारीक भेगा पडतात आणि मधे खुपसलेली सुरी कोरडी निघते.

आणि ऐन वेळी वीज गेली तर? तर गॅसवर. जाड लोखंडी तवा, त्यावर जाड बुडाचं पातेलं, झाकण घट्ट, आच अगदी बारीक, चाळीसेक मिनिटं. मग ताटलीवर उलटं करून दुसरी बाजू दहा मिनिटं. वरची बाजू ओव्हनइतकी देखणी होत नाही, पण अंधारात कोण बघतंय.

एक गोष्ट मात्र माझी ऐकच. गरम कापायचं नाही. घरभर वास सुटलेला असतो, सगळे भोवती जमतात, 'एकच तुकडा' म्हणतात, आणि कापलं की त्याचा लगदा होतो. तांदळातलं पिठूळ सत्त्व गार होताना आवळून येतं, तेव्हाच वडी सुटते. म्हणूनच तर हा रात्रीचा पदार्थ. आठला ओव्हनमधून काढलंस तर दहापर्यंत ते कापण्याइतकं निवतं.

पण रात्रभर ओट्यावर ठेवू नको. आजी ठेवायची, खरं. तिचं मात्र निखाऱ्यावर उशिरापर्यंत गरम राहायचं आणि सकाळी सगळ्यांनी मिळून संपवलं जायचं. आपल्याकडे ऑक्टोबरचा उकाडा, त्यात शिजलेला तांदूळ आणि ओलं खोबरं, दोन्ही लवकर बिघडणारी. झोपायच्या आधी वड्या पाडून डब्यात भर आणि डबा फ्रीजमध्ये ठेव. दोन-तीन दिवस आरामात राहतं. फ्रीजमध्ये वडी कडक होते त्याने घाबरायचं नाही. सकाळी तव्यावर थेंबभर तूप टाकून दोन्ही बाजूंनी परतली की पुन्हा मऊ, वर जराशी कुरकुरीत. खरं सांगू का, मला तीच ताज्याहून जास्त आवडते.

आता खरं बोलायचंय ते इथे. वडी तव्यावर टाकून उलटायची, एवढंच तर काम. ते तुझ्या नवऱ्याला येतं. रात्री त्याच्यासमोर डबा कुठे आहे, तवा कुठे आहे ते दाखव आणि सकाळी उठू नकोस. पहिले दोन दिवस तो हाक मारेल, 'तूप कुठेय?' तू पांघरुणातूनच सांग, पण उठून दाखवायला जाऊ नकोस. तिथेच आपण बायका घसरतो. रात्री तासभर खपून नाश्ता करायचा आणि सकाळी पुन्हा वाढायलाही आपणच, मग फायदा काय झाला? काम दोनदा झालं की! नाश्ता तयार असणं म्हणजे तुझ्याशिवाय तयार असणं. लेक नऊ वर्षांची आहे, तिला गार वडी डब्यातून काढून खाता येते. सासूबाईंना थोडं वाईट वाटेल, 'सून झोपलीय आणि मुलगा तव्याशी'. त्यांच्यासाठी एक वडी पूजेआधी नैवेद्याला बाजूला काढ, आणि 'आई, तुमच्या हाताने गरम करून बाबांना द्याल का?' असं विचार. कामही होतं आणि मानही राहतो. याला लबाडी म्हणायचं असेल तर म्हण.

बाबांवरून आठवलं, तुझ्या सासऱ्यांना साखर आहे. गूळ चालतो, गूळ नैसर्गिक असतो, हे सगळं त्यांच्याकडून ऐकून घेशील तू. रक्तात गेल्यावर गूळही साखरच. त्यांना कोपऱ्यातली पातळ वडी, चवीपुरती. आणि आठवड्यातून एकदा धोंडसाऐवजी हांडवो कर. डहाणू-बोईसरकडे गुजराती शेजार एवढा आहे, की हांडवो आता आपलाही झालाच आहे. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी तूर, मूठभर उडीद. सकाळी कामावर जाताना भिजत घाल, संध्याकाळी आंबट दह्यात भरड वाट आणि रात्रभर आंबव. या उकाड्यात सात-आठ तास पुरतात. पीठ सकाळी फ्रीजमध्ये टाक, संध्याकाळी त्यात किसलेला दुधी (किंवा उरलेलं तवस, हे माझं), आलं-मिरची, मीठ घालून, वर मोहरी-तीळ-हिंगाची फोडणी ओतून भाज. म्हणजे हा दीड दिवसाचा कार्यक्रम आहे, धोंडसासारखा त्याच रात्रीचा नव्हे, ते लक्षात ठेव. तांदूळ यातही आहेच, तेव्हा सासऱ्यांना हाही मोजूनच. पण डाळी आहेत आणि गूळ नाही. शेजारच्या बेनकडे हांडव्याचं जुनं भांडं असेल, खाली वाळूची ताटली असलेलं, तर एकदा मागून बघ. वाळूमुळे आच सगळीकडे सारखी लागते, करपत नाही.

नवरात्रात मात्र सासूबाईंचे उपास, तांदूळ चालायचा नाही, तेव्हा त्या नऊ दिवसांत घाट घालू नको. आधी एकदा कर, मग दसऱ्यानंतर. कोजागरीला तर करच. दूध आटवायला रात्री जागायचंच असतं, त्याच वेळात धोंडस भाजून होतं. दिवाळीनंतर चांगलं तवस मिळणं कठीण होतं, तेव्हा लाल भोपळ्यावर ये. कृती हीच, फक्त भोपळ्याला पाणी कमी म्हणून दीड वाटी नारळाचं दूध जास्तीचं घालायचं, आणि गूळ एकच वाटी.

शनिवारी येतेच आहे मी. माझं ते जाड बुडाचं पितळी पातेलं घेऊन येईन, कल्हई नुकतीच करून घेतलीय. पहिलं धोंडस त्यात कर. पातेलं द्यायला नाही आणत हं, वापरायला आणतेय. आईचं आहे ते.