राणी घायपात : धानपट्ट्यातील बागेसाठी लागवड व निगा

घायपात किंवा केकताड हे झुडूप महाराष्ट्रातील शेतकऱ्यास अपरिचित नाही. बांधावरचे कुंपण व पानांच्या वाखाचे दोर एवढ्याच कामी ते येते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु याच प्रजातीतील काही वाळवंटी जाती केवळ शोभेसाठी लावल्या जातात. त्यांपैकी राणी घायपात ही देखणी व दुर्मिळ जात होय. ईशान्य मेक्सिकोतील कोरड्या, चुनखडीच्या डोंगरउतारांवर ती आढळते. १८७५ साली इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ टॉमस मूर यांनी तिला व्हिक्टोरिया राणीचे नाव दिले. डोंगरावरील झाडे उपटून विकली गेल्याने आता तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. म्हणून बियांपासून वाढविलेलेच रोप घ्यावे.

रोप घेताना नीट पारख करावी, कारण साध्या घायपाताचे मुनवे मोठ्या नावाने खपविणे अवघड नाही. राणी घायपाताची पाने आखूड, जाड व एकमेकांत घट्ट बसलेली असतात. त्यांवर खडूने आखल्याप्रमाणे पांढऱ्या रेषा दिसतात. कडेला काटे नसतात, केवळ टोकास काळसर काटा असतो. पूर्ण वाढलेला गुच्छ सुमारे दीड फूट रुंद होतो. मात्र त्यास बरीच वर्षे लागतात.

मुर्री, ता. गोंदिया, यासारख्या धानाच्या गावी हे झाड उन्हाने मरत नाही, पाण्याने मरते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. त्याच्या मूळ स्थानी वर्षाचा पाऊस बहुधा ४०० मिलिमीटरहून कमी असतो. गोंदिया जिल्ह्यात तो १,२०० मिलिमीटरच्या वर जातो, व त्यातील बहुतेक चार महिन्यांत पडतो. ही वनस्पती दिवसा पानांची रंध्रे मिटून घेते व रात्री उघडते, त्यामुळे तिच्यातील पाणी फारसे उडत नाही. असे पाणी राखणारे झाड रोवणीच्या दिवसांत चिखलात उभे राहिले, तर मुळांना हवा मिळत नाही, बुडखा कुजतो आणि दहा वर्षांची वाढ एका श्रावणात नाहीशी होते. वरची पाने बराच काळ हिरवी दिसत असल्याने मालकास याचा पत्ता उशिराच लागतो.

म्हणून इतर झाडांप्रमाणे हे झाड जूनमध्ये लावू नये. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावावे. कन्हार किंवा मोरंड जमिनीत खड्डा खणू नये, कारण असा खड्डा पाण्याचे भांडेच होतो. त्याऐवजी दीड ते दोन फूट उंच ओटा करावा. त्यासाठी दोन भाग मुरूम, एक भाग नदीची जाड वाळू व एक भाग विटांचे तुकडे घेऊन त्यात थोडे कुजलेले शेणखत मिसळावे. बुडखा मातीत पुरू नये. हिवाळ्यात तीन आठवड्यांनी, उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी पाणी द्यावे. पावसाळ्यात मुळीच देऊ नये. युरिया घातल्यास पाने लुसलुशीत होऊन कूज लवकर शिरते. कुंडीतील झाड पावसाळ्यात पडवीत ठेवणे सर्वांत सुरक्षित; मात्र तेथे भरपूर उजेड हवा.

शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात लावावयाचे असल्यास वाटेपासून तीन फूट आत लावावे. टोकाचा काटा लहान मुलाच्या डोळ्यास इजा करू शकतो. तुटलेल्या पानाचा रस अंगास लागल्यास खाज सुटते. हात लगेच धुवावेत.

साधारणतः २० ते ३० वर्षांनी मधून दहा ते पंधरा फूट उंच दांडा निघून फुलोरा येतो. त्यानंतर झाड वाळू लागते. हा रोग नव्हे. औषध फवारण्यात खर्च करू नये. या जातीस मुनवे क्वचितच येतात. म्हणून बी धरल्यास बोंडे वाळून उकलण्यापूर्वी उतरवावीत, बी सावलीत सुकवावे आणि मुरूम-वाळूच्या उथळ कुंडीत पेरावे.