टॅब दाबल्यावर शेलने काय सुचवावं?

टर्मिनलवर दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबली की शेल उरलेला शब्द पूर्ण करतं. बॅशच्या २.०४ या आवृत्तीपासून, म्हणजे २००० सालापासून, प्रत्येक कमांडसाठी आपलं स्वतःचं कम्प्लीशन फंक्शन लिहिता येतं. असं फंक्शन लिहिताना ऑप्शन्स कशी हाताळायची, ते 'सॉर्ट' या कमांडच्या उदाहरणावरून पाहू. (रोमन अक्षरं इथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत.)

सर्वात सोपा उपाय म्हणजे शब्द '-' ने सुरू होत असेल तर ऑप्शन्सची यादी द्यायची, नाहीतर फाइल्सची. हा उपाय लगेच फसतो. 'सॉर्ट -ओ' च्या पुढे निकाल ज्या फाइलमध्ये लिहायचा तिचं नाव लागतं. तिथे कोणी '-' टाइप केलं आणि आपण '-एन' सुचवलं, तर सॉर्ट '-एन' नावाची नवी फाइल बनवतं. '-एन' म्हणजे 'संख्या म्हणून क्रम लाव'. तो आदेश पोचतच नाही, त्यामुळे १० हा आकडा ९ च्या आधी येतो. चूक झाल्याचा एकही संदेश दिसत नाही!

म्हणून अक्षरं जुळवण्याआधी एक प्रश्न विचारायचा: कर्सर आहे त्या जागी काय येऊ शकतं? उत्तरासाठी ओळीतले आधीचे शब्द डावीकडून क्रमाने वाचा आणि चार गोष्टी तपासा.

१. मागच्या ऑप्शनला मूल्य हवं आहे का? '-ओ', '-टी' आणि '-के' यांना हवं असतं, '-एन' आणि '-आर' यांना नको असतं.

२. अक्षरं जोडून लिहिली आहेत का? '-एनओ' मध्ये '-ओ' चं मूल्य पुढच्या शब्दात येतं. पण '-टीओ' मध्ये 'ओ' हे अक्षर '-टी' चं मूल्य आहे, म्हणजे स्तंभ वेगळे करणारं चिन्ह! पुढचा शब्द मग साधी इनपुट फाइल असते. नुसतं शेवटचं अक्षर पाहून हा फरक कळत नाही.

३. ऑप्शन पुन्हा चालेल का? '-के' कितीही वेळा देता येतं. ग्नू सॉर्टमध्ये दोन वेगळ्या फाइल्ससाठी '-ओ' दोनदा दिलं तर चूक ठरते, आणि क्रम फक्त तपासणाऱ्या '-सी' बरोबर '-ओ' चालतच नाही. न चालणारं सुचवू नका.

४. नुसतं '--' येऊन गेलं का? पॉझिक्सच्या नियमांनुसार तिथे ऑप्शन्स संपतात. पुढे '-' ने सुरू होणारा शब्दसुद्धा फाइलचं नाव असतो. वरची '-एन' नावाची फाइल पुसायलाही 'आरएम -- -एन' असं लिहिता येतं.

बॅशमध्ये आणखी एक खाचखळगा आहे. '--आउटपुट=' नंतर टॅब दाबली तर '=' हा सहसा स्वतंत्र शब्द म्हणून फंक्शनकडे येतो. तो मूल्यच समजून पुढे जाऊ नका.

शेलने सुचवलेला शब्द लोक फारसा विचार न करता स्वीकारतात. 'इथे हे चालतं' असाच त्याचा अर्थ घेतात. त्यामुळे जागा नक्की ओळखता आली नाही, तर फंक्शनने काहीच सुचवू नये. चार अक्षरं हाताने टाइप करणं परवडतं, पण चुकीच्या क्रमाने लागलेली आकडेवारी पुढच्या विश्लेषणात गेली तर ती शोधून काढणं फार अवघड असतं.