उन्हाळ्यात कोंबड्यांना व्हिटॅमिन सी

प्रश्न : उन्हाळ्यात ब्रॉयलर कोंबड्या धापा टाकतात, मर होते. पाण्यातून व्हिटॅमिन सी द्यावे का?
– एक वाचक, ता. गेवराई, जि. बीड

उत्तर : जरूर द्या, पण त्यावरच विसंबू नका. कोंबडी हे जीवनसत्त्व एरवी स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते. उष्णतेच्या ताणात ते पुरत नाही. खाद्यातून किलोमागे 200 ते 250 मिलिग्रॅम पुरे. पाण्यातून द्यायचे तर रोज ताजे कालवा आणि सकाळी गारव्यातच संपवा. तापलेल्या, क्लोरीनच्या पाण्यात ते लवकर निकामी होते. म्हणून उन्हातली टाकी आधी झाका, हे औषधापेक्षा महत्त्वाचे. कोंबडीला घामग्रंथी नसतात. गार पाणी आणि खेळती हवा हाच तिचा आधार. भर दुपारी खाद्य उचला, पाणी मात्र कधीच उचलू नका. तरीही मर थांबली नाही, तर मेलेला पक्षी घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.